बोगद्यापलीकडचे हिमगाव

बर्फ पाहायचा म्हणजे दूर जायचे, ही आपल्या मनातील पक्की समजूत. मुंबई-पुण्याच्या माणसाला बर्फ म्हटले की मनाली आठवते, गुलमर्ग आठवते, आणि त्याबरोबर दोन दिवसांचा प्रवास, घाटातील वळणे व पोटात उठणारी मळमळही आठवते. जपानची राजधानी टोकियो याबाबतीत भाग्यवान म्हटली पाहिजे. तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर युझावा नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तेथे माणसाच्या उंचीइतका बर्फ साचतो, आणि टोकियो स्थानकातून निघालेला प्रवासी सव्वा तासात त्या बर्फात उभा राहतो. मुंबईहून नाशिक गाठायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो!

एवढ्या जवळ असूनही टोकियोत मात्र डिसेंबर-जानेवारीत लख्ख ऊन असते. हे कोडे सह्याद्री पाहिलेल्या वाचकाला चटकन उलगडेल. पावसाळ्यात महाबळेश्वर धुवून निघत असताना पूर्वेकडे दहिवडी-म्हसवडची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. जपानमध्ये हेच नाट्य हिवाळ्यात घडते. सैबेरियाकडून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प पितात, देशाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगररांगांना येऊन धडकतात आणि सगळे ओझे पश्चिमेकडच्या उतारावर, म्हणजे निइगाता प्रांतात, बर्फाच्या रूपाने टाकून मोकळे होतात. डोंगर ओलांडून टोकियोकडे उतरतो तो कोरडा वारा. युझावा डोंगराच्या ओल्या बाजूला अगदी पायथ्याशी आहे.

म्हणूनच युझावाला जाण्याची कथा ही डोंगर कसा ओलांडायचा याची कथा आहे. पूर्वी या प्रदेशातील माणूस हिवाळ्याचे चार-पाच महिने बर्फाखाली जणू कोंडलेला असे. युझावाजवळच्या शिओझावा गावात सुझुकी बोकुशी नावाचे एक व्यापारी होऊन गेले. कापडाचा व्यापार आणि गहाणवटीचा धंदा करणारा हा गृहस्थ. आमच्या व्यवसायाचा पूर्वजच म्हणा ना! त्यांनी आपल्या मुलखातील बर्फाची आणि बर्फात जगणाऱ्या माणसांची हकिकत लिहून काढली. ती छापून येण्यासाठी राजधानीतील नामवंत लेखकांचे उंबरठे झिजवण्यात त्यांची कित्येक दशके गेली. शेवटी १८३७ साली ‘होकुएत्सु सेप्पु’ या नावाने ते पुस्तक निघाले आणि लोकांनी ते आवडीने वाचले. उबदार प्रांतातील लोक बर्फ पडला की कौतुकाने काव्य करतात, आमच्या वाट्याला मात्र छपरावरचा बर्फ उपसण्याचे कष्ट येतात, हा त्यांचा सूर आजही खोटा ठरलेला नाही.

डोंगराला पहिले मोठे भोक पडले १९३१ साली. शिमिझु बोगदा, लांबी सुमारे ९.७ किलोमीटर. या मार्गाने आगगाडी युझावाला पोहोचू लागली आणि तिच्याबरोबर स्कीवाले व उन्हाळी पाण्याच्या कुंडांत स्नानासाठी येणारे पाहुणेही. १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कादंबरीकार यासुनारी कावाबाता याच गावी येऊन राहिले आणि येथेच त्यांच्या ‘हिमप्रदेश’ या कादंबरीची जुळणी झाली. तिची सुरुवात या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीतच होते.

पुढे मार्ग दुहेरी करण्यासाठी १९६७ साली दुसरा, साडेतेरा किलोमीटरचा बोगदा झाला. त्यात दोआई नावाचे स्थानक आहे. निइगाताकडे जाणाऱ्या गाडीचा फलाट डोंगराच्या पोटात आणि स्थानकाची इमारत वर उजेडात. मधला जिना ४६२ पायऱ्यांचा, त्यावर आणखी २४ पायऱ्या. पालीताण्याच्या पायऱ्या चढलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, तरी सामान घेऊन तेथे उतरण्याच्या मोहात कोणी पडू नये!

आता आपल्या कामाचा मार्ग. जोएत्सु शिनकानसेन ही द्रुतगती रेल्वे १९८२ साली सुरू झाली. तिच्यासाठी त्याच डोंगरातून सव्वाबावीस किलोमीटरच्या आसपास लांबीचा दाइशिमिझु बोगदा खोदावा लागला. आज गाडी त्यातून पाच-सहा मिनिटांत निघून जाते, पण १९७९ साली बांधकाम चालू असताना आत आग लागून १६ माणसे दगावली होती. खोदताना डोंगरातील झरे फुटून कामात अडथळा आला. तेच पाणी रेल्वेने पुढे बाटल्यांत भरून स्थानकांवर विकायला काढले. अडचणीचे असे उत्पन्नात रूपांतर करणारा शाखाधिकारी आम्हाला आमच्या नोकरीत क्वचितच भेटला.

या मार्गाचा विषय निघाला की काकुएइ तानाका यांचे नाव टाळता येत नाही. निइगाताच्या खेड्यात वाढलेला हा माणूस १९७२ ते १९७४ या काळात जपानचा पंतप्रधान होता. तरुणपणी निवडणुकीच्या सभांत ते म्हणत असत की, मधला डोंगर सुरुंगाने उडवून द्यावा, म्हणजे वारे सरळ पलीकडे जातील आणि निइगातात बर्फ पडणार नाही. निघालेली माती समुद्रात टाकून सादो बेट जमिनीला जोडावे. डोंगर काही उडाला नाही, पण त्यात रेल्वे आणि महामार्ग दोन्ही गेले. हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेले की या भागातील पुरुष मजुरीसाठी टोकियोला जात. बोगद्यांनी त्यांना बाहेर पडण्याची वाट दिली, आणि त्याच वाटेने टोकियोचे लोक मौजेसाठी आत येऊ लागले. तानाकांच्या राजकारणावर आणि पुढे लॉकहीड प्रकरणात झालेल्या त्यांच्या अटकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. असो.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी आमच्या घरी बराच खल झाला. नातवंडांना बर्फ दाखवायचा हे ठरले होते. जायचे कसे यावर एकमत होईना. जावईबापूंचे मत मोटार भाड्याने घ्यावी असे होते. ते म्हणाले, “बाबा, विमानतळावरून थेट हॉटेलच्या दारात उतरू. रेल्वेत तीनदा सामान उचलायचे, आईंच्या गुडघ्यांना ते झेपायचे नाही.” त्यांचा मुद्दा वाजवी होता. जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि १९४९ च्या जिनेव्हा कराराखाली आपल्या परिवहन कार्यालयाने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना तेथे चालतो. म्हणजे कायद्याची आडकाठी नव्हती. मी एवढेच म्हटले, “तुम्ही गाडी उत्तम चालवता, यात शंका नाही. पण बर्फावर किती वेळा चालवली आहे?” त्यांनी हसून मान हलवली. कर्जाचा अर्ज पाहताना आम्ही अर्जदाराच्या हेतूबरोबरच त्याचा त्या धंद्यातील अनुभवही पाहत असू. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी टोकियोच्या नेरिमा भागातून निघणारा कानएत्सु महामार्ग आहे. त्यावरील सुमारे अकरा किलोमीटरचा बोगदा १९८५ साली खुला झाला आणि महामार्ग पूर्ण झाला. बोगद्याच्या पलीकडे उतरल्यावर वाहनचालकाचे जग बदलते. वाहतुकीचे दिवे आडवे न राहता उभे होतात, कारण आडव्या पेटीवर बर्फ साचून ती वाकते. उभ्या मोटारींच्या काचपुसण्या हात वर केल्यासारख्या उभारलेल्या दिसतात. तशा न ठेवल्यास रात्रीत काचेला चिकटून गोठतात. गावातील रस्त्यांच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून भूजलाची कारंजी उडत असतात. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही तुलनेने कोमट असल्याने बर्फ वितळून रस्ता उघडा राहतो. याच प्रांतातील नागाओका शहरात ही युक्ती प्रथम निघाली. पाण्यातील लोहामुळे रस्ते तांबूस झाले आहेत आणि अति उपशाने काही ठिकाणी जमीनही खचली आहे, तरी त्यावाचून त्यांचे चालत नाही. बर्फासाठीचे वेगळे टायर तर असलेच पाहिजेत. नियंत्रण लागू असेल तेव्हा महामार्गाच्या प्रवेशद्वाराशी ते तपासले जातात.

एवढा बंदोबस्त असूनही निसर्ग एखाद्या रात्री सगळे हिशेब चुकवतो. १६ डिसेंबर २०२० च्या रात्री याच महामार्गावर युझावाच्या आसपास जोराची बर्फवृष्टी झाली, काही वाहने रुतली आणि त्यांच्यामागे सुमारे २१०० वाहने अडकून पडली. सर्वांची सुटका व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला. पोटाला अन्न पोहोचवले गेले, पण धूरनळी बर्फात बुजली असताना इंजिन चालू ठेवले तर विषारी वायू आत येतो. म्हणून लोकांना रात्रभर उठून बर्फ उपसावा लागला. मोटारीत लहान मुले असताना अशी रात्र काढण्याची कल्पना करून पाहावी.

स्वस्तात जाऊ पाहणारे तरुण रात्रीच्या स्की-बसचा मार्ग धरतात. संध्याकाळी टोकियोत चढायचे, झोपून जायचे आणि पहाटे उतारावर उतरायचे. रेल्वेपेक्षा खर्च बराच कमी. १५ जानेवारी २०१६ ची पहाट या मार्गाने जाणाऱ्यांना विसरता येणार नाही. युझावाकडे नव्हे, शेजारच्या नागानो प्रांतातील एका स्की-केंद्राकडे निघालेली बस कारुइझावाजवळच्या घाटात उतारावर वेग अनावर होऊन कोसळली आणि १५ जण गेले. त्यांत १३ विद्यार्थी होते. उरलेले दोघे चालक. रस्ता बर्फाळ नव्हता. चौकशीत निघाले ते असे की, चालकाला मोठी बस चालवण्याचा पुरेसा सराव नव्हता आणि बसमालकांनी ती फेरी सरकारने ठरवलेल्या किमान दराहूनही कमी दराने घेतली होती. २०२३ साली न्यायालयाने त्या कंपनीच्या दोघा जबाबदार व्यक्तींना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. नियमही पुष्कळ कडक झाले आहेत, आणि चांगल्या बससेवा जपानमध्ये आहेत हे मान्यच. तरीही विद्यार्थी असलेल्या आपल्या मुलाने “पप्पा, बसने निम्म्यात काम होते” असे फोनवर सांगितले, तर बस कोणाची आणि दर इतका कमी का, हे दोन प्रश्न त्याला अवश्य विचारावेत.

आम्ही रेल्वेने गेलो. खर्चाचा हिशेब सांगतो, कारण तो विचारला जातो. संपूर्ण जपानभर चालणाऱ्या सात दिवसांच्या रेल्वे-पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम ५०,००० येन झाली. केवळ युझावासाठी तो घेणे म्हणजे हातभर दोरीसाठी गिरणी विकत घेणे. टोकियो ते एचिगो-युझावा एका दिशेचे आरक्षित भाडे साधारण साडेसहा ते सात हजार येन पडते. टोकियो परिसराचा तीन दिवसांचा एक पास आहे, त्याची किंमत त्याच वेळी १५,००० येन ठरली. जाऊन-येऊन एवढेच करायचे असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे. पण हा पास नारिता विमानतळावरील जलद गाडीलाही चालतो आणि तिचे एका वेळचे भाडे तीन हजारांच्या वर आहे. विमानातून उतरल्या दिवशीच पास सुरू केला तर तो स्पष्टपणे फायद्यात जातो. येनचा भाव साठ पैशांच्या आतबाहेर धरून ज्याने त्याने रुपये करून घ्यावेत.

टोकियो स्थानकात एक सावधगिरी हवी. तेथे शिनकानसेनची फाटके दोन वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. क्योटो-ओसाकाकडची वेगळी; आपले फलाट २० ते २३. याच चार फलाटांवरून उत्तरेकडच्या सेंदाईच्या आणि नागानो-कानाझावाच्या गाड्याही सुटतात. तेव्हा गाडीचे नाव वाचावे. ‘तोकी’ आणि ‘तानिगावा’ या आपल्या. ‘तोकी’पैकी काही गाड्या एचिगो-युझावाला थांबत नाहीत, हेही पाहून घ्यावे. हिवाळ्यात काही ‘तानिगावा’ गाड्या आणखी पावणेदोन किलोमीटर पुढे, गाला-युझावा या स्थानकापर्यंत जातात.

हे गाला स्थानक म्हणजे एक नवलच. मूळचा हा रेल्वेच्या दुरुस्ती-देखभालीचा तळ. स्कीची लाट जोरात असताना रेल्वे कंपनीच्या लोकांना सुचले की रूळ डोंगराच्या कुशीत आलेलेच आहेत, तर प्रवासी का आणू नयेत? डिसेंबर १९९० मध्ये स्थानक आणि स्की-केंद्र एकत्रच उघडले. तिकिटाच्या फाटकातून बाहेर पडले की समोर बूट, कपडे, फळ्या भाड्याने देणारा गल्ला, आणि त्याच इमारतीतून डोंगरावर जाणारा पाळणा. रस्ता ओलांडावा लागत नाही, बर्फात पाऊलही टाकावे लागत नाही. कागदोपत्री हा तुकडा शिनकानसेन नसून जुन्या मार्गाची फांदी आहे आणि हंगाम संपला की स्थानक बंद होते. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचा प्रश्न येथे संपला. टोकियो स्थानकात उद्वाहन होते, गाडीचा फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत होती, आणि गालाला उतरल्यावर चालणे थोडेच. स्की न करणाऱ्या आजीआजोबांसाठी आणि घसरगाडीवर बसणाऱ्या मुलांसाठी वर वेगळी जागा राखलेली आहे.

नाएबासारख्या अधिक मोठ्या केंद्रावर जायचे असेल तर मात्र एचिगो-युझावालाच उतरून बस धरावी लागते. पाऊण तासाचा घाटरस्ता आहे, चालक रोजचा सराईत. बसमध्ये मागच्या किंवा मधल्या दाराने चढायचे, यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढे त्या क्रमांकासमोर दिसणारे भाडे पेटीत टाकायचे. सुटे पैसे जवळ असावेत.

राहिला सामानाचा प्रश्न. यावर जपानी माणसाने शोधलेला उपाय मला सर्वांत आवडला. ‘ताक्युबिन’ ही घरपोच सामानसेवा तेथे १९७६ साली सुरू झाली आणि १९८३ मध्ये तिने खास स्कीचे सामान पाठवण्याची सोय काढली. विमानतळावर किंवा टोकियोतील हॉटेलात पेट्या द्यायच्या. एक-दोन दिवसांत त्या डोंगरातील मुक्कामी पोहोचतात. आम्ही तीन मोठ्या पेट्या अशा पुढे पाठवल्या आणि एका रात्रीचे कपडे व औषधे असलेल्या लहान पिशव्या घेऊन गाडीत बसलो. जावईबापूंचा तीनदा सामान उचलण्याचा आक्षेप पावतीच्या एका कागदावर मिटला. बर्फवृष्टीत पेट्यांना उशीर होऊ शकतो, तेव्हा औषधे मात्र कधीही पेटीत ठेवू नयेत.

खाण्याविषयी आपल्या वाचकांना सांगणे प्राप्त आहे. ‘दाशी’ नावाचा जो अर्क जपानी स्वयंपाकाचा पाया आहे तो बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो, त्यामुळे भाज्यांचे दिसणारे सूपही आपल्याला चालेल असे नाही. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनात मांसमत्स्य नसते, कांदा-लसूणही नसतो. कंद मात्र असतात. स्की-केंद्रावर ते मिळण्याची आशा धरू नये. खाकरे आणि घरचा कोरडा शिधा बरोबर असावा. भात मात्र सर्वत्र मिळतो आणि या मुलखाचा भात जपानभर नावाजलेला आहे, कारण वितळलेल्या बर्फाचेच पाणी त्या खाचरांना मिळते. जानेवारीच्या आरंभी तेथे पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरावी आणि चारच्या आत डोंगरावरून खाली यावे, म्हणजे धांदल होत नाही.

युझावात फिरताना उंचच उंच निवासी इमारती दिसतात आणि त्यांतील पुष्कळशा खिडक्यांत दिवा नसतो. रेल्वे आणि महामार्ग आल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जमिनीचे भाव चढत असताना, टोकियोच्या लोकांनी येथे हजारो सदनिका घेतल्या. भाव कोसळल्यावर त्यांतील काही अक्षरशः एक लाख येनला विकायला निघाल्या, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात दरमहा देखभालखर्च आणि कर पडतो. जावईबापूंनी जाहिरात दाखवून “बाबा, साठ हजार रुपयांत जपानमध्ये घर!” असे म्हटले, तेव्हा मी त्यांना तिच्या तळाशी छापलेला मासिक खर्चाचा आकडा दाखवला.

परतीच्या गाडीत संध्याकाळी डबा भरलेला होता. बहुतेकांच्या बुटांना चिकटलेला बर्फ वितळून पायांशी पाण्याची लहान डबकी झाली होती. बोगद्यात कानांत दडा बसला, नातवाने दोन्ही हातांनी कान झाकले आणि मिनिटे मोजू लागला. पाच मोजून झाली आणि सहावे पुरे होण्याआधी गाडी बाहेर आली. आकाशात चांदण्या होत्या आणि रुळांपलीकडची शेते कोरडी ठणठणीत होती.